पेवे अनेक, जमीन एकच

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखाने, खरेदी-विक्री संघ आणि द्राक्ष बागायतदार संघ यांची संचालक मंडळे



सांगलीच्या शेजारी, कृष्णा आणि वारणा एकत्र येतात तिथे, हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोदलेल्या पेवांत सांगलीच्या पेठेतली हळद पिढ्यान्‌पिढ्या साठवली गेली. पेवाचा मालक एक, आतल्या हळदीचा धनी दुसरा. माल चार पेवांत विभागून ठेवला की धोकाही चार ठिकाणी विभागला, असे कोणालाही वाटावे. 2005 च्या महापुराने हा हिशेब बुडवला. पाणी एखाद्या पेवात शिरले नव्हते, ते त्या सगळ्या जमिनीतच शिरले होते. मालक कितीही वेगळे असोत, पेवे ज्या जमिनीत होती ती एकच होती, आणि पुढे हळद गोदामांकडे वळली.

हे पत्र हळदीबद्दल नाही. तुम्ही सभासदांच्या वतीने जी खते आणि औषधे खरेदी करता, त्या खरेदीबद्दल आहे. ही खरेदी तुम्ही निष्काळजीपणे करता असे मी म्हणणार नाही. दरपत्रके मागवली जातात, तीन-चार पुरवठादार तुलनात्मक तक्त्यात मांडले जातात, त्यांची पत, मागचा अनुभव, मालाची प्रत आणि उधारीची मुदत पाहिली जाते. पण तक्त्यातल्या चारही पुरवठादारांचा माल शेवटी एकाच देशातून येत असेल, तर तो तक्ता हरिपूरच्या पेवांसारखा आहे. आपण पुरवठादाराची पारख करतो, त्याच्या देशाची करत नाही. शेजारच्या देशांतून येणाऱ्या मालाच्या बाबतीत ही उणीव महाग पडू लागली आहे आणि ती भरून काढणे तुमच्या हातात आहे, एवढेच मला मांडायचे आहे.

सर्वांत ठळक उदाहरण विद्राव्य खतांचे. 19:19:19, 12:61:0, 0:52:34, 0:0:50 हे आकडे तासगाव, पलूस, मिरज, खानापूर भागातल्या बागायतदाराला पाढ्यासारखे पाठ असतात. ठिबकवरचा ऊस आणि आले वाढल्यापासून कराड-कोरेगावकडेही ते तितकेच ओळखीचे झाले आहेत. देशात लागणाऱ्या या विशेष खतांपैकी सुमारे 80 टक्के माल चीनमधून येतो, असे या उद्योगातलेच लोक सांगतात. बरे, हे अवलंबित्व कुणाच्या लक्षात येऊ नये इतके नवे नाही. 15 ऑक्टोबर 2021 रोजी चीनच्या सीमाशुल्क खात्याने खतांच्या निर्यातीआधी तपासणी सक्तीची केली. कागदावर ती बंदी नव्हती. पण तपासणी अधिकारी आलाच नाही तर माल जहाजावर चढत नाही, आणि जी गोष्ट कागदावर नाही तिच्याविरुद्ध तक्रार तरी कुठे करायची? पहिला मोठा फटका आपल्याला नाही, दक्षिण कोरियाला बसला. तिथे डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे युरियाचे द्रावण लागते, आणि त्या औद्योगिक युरियाचा 97 टक्क्यांच्या घरातला वाटा चीनमधून येत होता. नोव्हेंबर 2021 मध्ये मालट्रक उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा त्या देशाने ऑस्ट्रेलियातून 27 हजार लिटर द्रावण आणायला लष्करी विमान पाठवले. मोटारी आणि जहाजे बांधणाऱ्या देशाची ही गत. कोरियन कंपन्या एकाच चिनी कारखान्याकडून माल घेत होत्या असे नाही. पुरवठादार भरपूर होते. ते सगळे एका सरकारच्या हुकमाखाली होते.

चार वर्षांनी हीच गोष्ट आपल्या दारात आली. 2025 च्या जूनमध्ये बातम्या आल्या की भारताकडे निघणाऱ्या विशेष खतांची तपासणीच चीनमध्ये होत नाही आणि दोन महिने माल अडकला आहे. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, खते, दुर्मीळ मृदाधातू आणि बोगदे खोदण्याची यंत्रे यांचा पुरवठा मोकळा करण्याचे आश्वासन मिळाल्याचे सांगण्यात आले, आणि बाजाराने सुस्कारा सोडला. मग 15 ऑक्टोबर 2025 पासून चीनने युरिया आणि विशेष खतांची निर्यात पुन्हा थांबवली. या वेळी एकट्या भारताची नव्हे, सगळ्यांचीच. या तारखा आपल्या बागेच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहा. खरड छाटणीनंतर, मे-जूनच्या सुमारास, काडीत पुढच्या हंगामाचे घड ठरतात, आणि तेव्हा स्फुरद-पालाश लागतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तर प्रत्येक आठवड्याची मात्रा ठरलेली असते. चीनने आपले पंचांग पाहून निर्यात थांबवली असे अर्थातच नाही. पण दोन्ही वेळा माल अडला तो नेमक्या या दोन खिडक्यांत, आणि घडनिर्मितीची वेळ टळली की नंतर गोदाम भरले तरी त्या वर्षाची काडी परत मागे जात नाही. साखर कारखान्यांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. देशात चीनमधून येणारे डीएपी 2023-24 मध्ये 22 लाख टनांच्या वर होते. पुढच्याच वर्षी ते साडेआठ लाख टनांच्या आत आले. ऊसबिलातून कपात करून खत देणाऱ्या शेतकी विभागांना त्या वर्षी कोणती उत्तरे द्यावी लागली, ते मी तुम्हाला सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. देशाची जोखीम मोजणाऱ्या संस्था आधीच आहेत. आपली ईसीजीसी, म्हणजे 1957 पासून निर्यातदारांना पतहमी देणारे सरकारी महामंडळ, देशांना ए-1 पासून डीपर्यंत सात वर्गांत बसवते. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेची शून्य ते सात अशी प्रतवारी आहे. पण या प्रतवाऱ्या ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न तुमचा नाही. तो देश आणि तिथले गिऱ्हाईक आपले पैसे बुडवेल का, हे त्या पाहतात. माल विकणाऱ्याला ते पुरेसे आहे. माल घेणाऱ्याला पैशाची नाही, मालाची चिंता असते. ओईसीडीच्या यादीत चीन सुरक्षित टोकाकडे आहे, आणि ते बरोबरच आहे. त्या देशाजवळ पैसा आहे, त्याचे कारखाने चोख आहेत, पुरवठादार शब्दाला जागणारे असू शकतात. 2021 आणि 2025 मध्ये पुरवठा तुटला तो यांपैकी काहीही बिघडले म्हणून नाही. उलट चांगल्या पुरवठादाराशी केलेला करारही अशा वेळी तुमच्या कामी येत नाही, कारण सरकारी हुकमामुळे माल देता आला नाही तर दंड लागू होत नाही, असे कलम बहुतेक करारांत असतेच. पुरवठादाराची पत कितीही उंच असली तरी त्याच्या देशाच्या हुकमापेक्षा ती उंच जाऊ शकत नाही.

काही जण म्हणतील, यात नवल ते काय, चीन शत्रूच आहे. हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. तो ऐकायला बरा असतो आणि हिशेबाला निरुपयोगी. चीनने खत अडवले त्याचे मुख्य कारण त्याच्या शेतकऱ्याला खत स्वस्तात आणि वेळेवर मिळावे हे होते. त्यात राजकारणाची फोडणी पडली असेल, नाकारत नाही. आणि आपण तरी काय करतो? 29 सप्टेंबर 2019 रोजी भारताने कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि घरी स्वयंपाक्याला कांदा घालू नको असे सांगितल्याचा टोमणा त्यांनी भर सभेत मारला. सप्टेंबर 2020 मध्ये आपण पुन्हा तेच केले, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा. ढाक्याच्या व्यापाऱ्याने मग पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान अशा ठिकाणी कांदा शोधला. लोणंदच्या बाजारात जो दर कोसळला तो कोणत्याही शत्रूने पाडलेला नव्हता. साखरेचे तर तुम्ही स्वतःच साक्षीदार आहात. 2021-22 मध्ये देशातून 110 लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली. 1 जून 2022 पासून निर्यातीवर निर्बंध आले, पुढच्या हंगामात साधारण 60 लाख टनांचा कोटा मिळाला, 2023-24 मध्ये काहीच नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये 10 लाख टनांना परवानगी. आपल्या साखरेवर विसंबलेल्या परदेशी गिऱ्हाइकाच्या वहीत त्या काळात भारताचे नाव कोणत्या रंगाच्या शाईने लिहिले गेले असेल? कराड-वाळव्यातल्या कारखान्यांनी आपला शब्द मोडला नव्हता. त्यांच्या देशाने मोडायला लावला. ही गोष्ट ज्यांनी विक्रीच्या टोकाला सोसली आहे, त्यांना खरेदीच्या टोकाला ती समजावून सांगावी लागू नये.

म्हणून देशाची पारख प्रेमाने किंवा रागाने करायची नाही, वस्तूगणिक करायची. श्रीलंकेचे संकट परकीय चलनाचे होते. 12 एप्रिल 2022 रोजी त्या देशाने परदेशी कर्जफेड थांबवली, आणि त्याआधी रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद करून आपल्याच शेतीची घडी विस्कटली. अफगाणिस्तानात प्रश्न वाटेचा आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानच्या सीमेवरची अटारीची चौकी बंद झाली तेव्हा दोष ना काबूलच्या व्यापाऱ्याचा होता ना दिल्लीच्या गिऱ्हाइकाचा. बांगलादेशात 5 ऑगस्ट 2024 रोजी सरकार पडले आणि सीमेवरच्या गाड्या खोळंबल्या. त्यापुढच्या वर्षी भारताने बांगलादेशला दिलेली माल-वाहतुकीची सवलत काढली, त्यांनी जमिनीवरून येणारे सूत अडवले, आपण त्यांचे कपडे अडवले. हे सगळे दोन महिन्यांत. द्राक्ष बागायतदारांना बांगलादेश गिऱ्हाईक म्हणून माहीत आहे आणि तिथे फळांवरचे शुल्क चढले की इथल्या सौद्यांवर काय होते हेही. तेव्हा जोखीम ही कुठल्या देशाच्या अंगावर चिकटलेली चिठ्ठी नसते. ती दोन देशांमधल्या नात्यात असते, आणि त्या नात्याचे एक टोक आपल्या हातात आहे. जून 2020 मध्ये गलवाननंतर चीनहून आलेला माल अडकला तो चीनच्या नव्हे, आपल्याच बंदरांवर, कारण इथे प्रत्येक पेटी तपासली जाऊ लागली.

या सगळ्यातून तुमच्या खरेदी समितीला विचारता येतील असे प्रश्न निघतात, आणि त्यांना कोणताही महागडा सल्लागार लागत नाही. हीच वस्तू त्या देशाने गेल्या दहा वर्षांत किती वेळा अडवली आहे? ती त्याच्या स्वतःच्या शेतकऱ्याला त्याच महिन्यात लागते का? आपल्या गरजेतला किती हिस्सा तिथून येतो? आणि आज पुरवठा थांबला तर दुसरीकडून माल यायला किती आठवडे लागतील, छाटणी किंवा लागण त्याआधी येते की नंतर? मला स्वतःला यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी वस्तू दोन महिने उशिरा आली तरी चालते, तिची जोखीम कमी. पाइप, जाळी, बांबू यांचे तसे आहे. जिची गरज दहा-पंधरा दिवसांच्या खिडकीत आहे, तिची जोखीम तोच देश आणि तोच पुरवठादार असूनही कितीतरी जास्त.

इथे एक मेख आहे. देश मोजायचा तो बिलावरचा नाही, मूळ मालाचा. बिल मुंबईच्या कंपनीचे असते, कधी दुबई किंवा सिंगापूरच्या व्यापाऱ्याचे, आणि पोते चीनचे. याहून फसवे म्हणजे इथे मिसळून भरलेले खत. पोत्यावर भारतीय कंपनीचे नाव आणि भारतातला कारखाना, पण आतले मोनो अमोनियम फॉस्फेट चिनी. अशी दोन पोती तक्त्यात एकाखाली एक आली की आपल्याला दोन पर्याय दिसतात, प्रत्यक्षात तो एकच असतो. तेव्हा विचारायला हवे ते असे: तयार माल कुठला, आणि त्यातला कच्चा माल कुठला? या प्रश्नाचे उत्तर लेखी द्यायला जो पुरवठादार टाळाटाळ करतो, त्याचे उत्तर मिळालेलेच आहे असे समजावे.

आता आक्षेप. पहिला आणि रास्त आक्षेप पैशाचा. चीनचा माल स्वस्त आहे म्हणूनच तो इतका आहे, आणि सभासद दर पाहतो, देश पाहत नाही. मान्य. पण मी चीनला सोडा असे म्हणत नाही. समजा एखादा संघ वर्षाला 1 कोटी रुपयांची विद्राव्य खते घेतो. त्यातला पाचवा हिस्सा त्याने दुसऱ्या देशातून घेतला आणि तो 15 टक्के महाग पडला, तर वरचा खर्च 3 लाख, म्हणजे एकूण खरेदीच्या 3 टक्के. त्याच्या समोर काय आहे ते पाहा. बागेत छाटणी, मजुरी, पेस्ट, फवारण्या, डिझेल हा सगळा खर्च आधीच होऊन बसलेला असतो, आणि विद्राव्य खत ही त्या खर्चातली लहान बाब असते. लहान बाब अडली म्हणून मोठा खर्च वाया जाण्याची भीती जिथे असते, तिथे 3 टक्के हा विम्याचा हप्ता आहे. एकट्या बागायतदाराला तो परवडत नाही; अर्धा कंटेनर चिलीहून मागवणे त्याच्या आवाक्यातले नाही. संघ याच कामासाठी आहेत, अशी माझी समजूत आहे.

दुसरा आक्षेप, हे काम दिल्लीचे. डीएपी आणि युरियापुरते ते बरेचसे खरे आहे. जुलै 2025 मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाच्या मादेन कंपनीशी वर्षाला 31 लाख टन डीएपीचे पाच वर्षांचे करार केले, ते सरकारच्या पुढाकारानेच. पण विद्राव्य खते अनुदानाच्या बाहेर आहेत. त्यांची आयात खासगी कंपन्या आपल्या नफ्या-तोट्याने करतात आणि टंचाईत दर चढला तर त्यांचे फार बिघडत नाही. ज्या वस्तूवर अनुदान नाही तिच्या साठ्याची चिंता सरकारच्या फायलीत सर्वांत शेवटी येते. दिल्लीची वाट पाहत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर मोटर बसवणे.

तिसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. बाकीचे देश तरी कुठे धुतल्या तांदळाचे? पोटॅशियम नायट्रेट इस्रायलमधून येते तर तिथे युद्ध. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले. बेलारूसच्या पालाशवर पाश्चात्त्य निर्बंध आले. हे खरे आहे, आणि म्हणूनच चीनच्या जागी दुसरा एकच देश आणून बसवण्यात अर्थ नाही. पण इस्रायलमधले युद्ध, चिलीतला संप आणि चीनमधला हुकूम हे एकाच दिवशी येण्याची शक्यता फार कमी. वेगवेगळ्या कारणांनी अडणाऱ्या देशांत माल विभागला तरच तो खऱ्या अर्थाने विभागला जातो. जपानने हे करून दाखवले आहे. 2010 मध्ये चीनने दुर्मीळ मृदाधातूंचा पुरवठा आवळल्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसे घातले आणि वर्षानुवर्षे चिकाटीने चीनवरचे अवलंबित्व सुमारे 90 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या आसपास आणले. शून्यावर नाही. ते शहाणपणाचे वाटते.

आणि स्वदेशी? या देशात पालाशच्या खाणी चालत नाहीत, चांगल्या प्रतीचा स्फुरद-खडक थोडा, गंधकही बराचसा बाहेरून. भारतात कारखाना उभा राहिला तरी कच्च्या मालाचा देश हा प्रश्न राहतोच. मात्र एक स्वदेशी उपाय आहे आणि त्याच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही, कारण त्यात कुणाची विक्री होत नाही. देठ परीक्षण. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे, आणि देठ-माती तपासून मात्रा ठरवावी हा सल्ला काही नवा नाही. वर्षानुवर्षे स्फुरद घातलेल्या बागांत तो जमिनीत साचून राहतो. तिथे शेजाऱ्याने सोडले म्हणून आपणही आणखी एक पोते सोडणे हे परदेशावरचे अवलंबित्व आपल्या हाताने वाढवणे आहे. जे खत लागतच नाही, त्याला कोणताही देश अडवू शकत नाही.

साठ्याबद्दल थोडक्यात. सगळी खते वर्षभराची भरून ठेवा हा सल्ला मूर्खपणाचा ठरेल. माल ओल धरतो, गोळे होतात, भांडवल अडकते. पण ज्या दोन-तीन प्रकारांची खिडकी सर्वांत अरुंद आहे त्यांचा एका छाटणीपुरता साठा संघाच्या कोरड्या गोदामात असणे, आणि जुना माल आधी काढून नवा आत घेणे, हे जमण्यासारखे आहे.

तेव्हा मागणी एवढीच. पुढच्या फळछाटणीची खरेदी ठरवण्यासाठी तुमची समिती जुलै-ऑगस्टमध्ये बसेल, तेव्हा तुलनात्मक तक्त्यात पुरवठादाराच्या नावाशेजारी दोन रकाने वाढवा: तयार मालाचा देश, आणि कच्च्या मालाचा देश. कोणत्याही एका देशाचा वाटा किती असावा याची मर्यादा त्याच बैठकीत ठरावाने ठरवा. ती 60 टक्के असो वा 80, आकड्यावर माझा हट्ट नाही. पण तो इतिवृत्तात लिहिलेला असावा आणि वार्षिक सभेत सभासदांना वाचून दाखवावा. सभासदांनाही विनंती, की यंदाच्या सभेत दराबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा, की गेल्या वर्षीच्या आपल्या खतातले किती चीनचे होते. याचे उत्तर व्यासपीठावर तयार असले पाहिजे.